एका झेंड्याला हॉर्न

२० फेब्रुवारी १९९७, गुरुवार
पाऊस नाही. टॅरिक रस्ता, दहा किलोमीटर सपाट केला.

नवी जर्सी आली. शी! आमच्या विराबिनचा तपकिरी, टॅरिकवाल्यांचा निळा आणि दोघांत भांडण नको म्हणून मधून एक पिवळा पट्टा. ओकारीला रंग असतो हे मला माहीत होतं, पण तो शिवून अंगात घालायला लावतील असं वाटलं नव्हतं. लॉरेनने ती माझ्या छातीला लावून बघितली आणि म्हणाली, "खुलतोय रे रंग तुला." पंधरा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची अशी थट्टा करू नये.

ही डायरी मला कौन्सिलच्या ऑफिसने दिली, कुठला कच्चा रस्ता यंत्राने सपाट केला आणि किती पाऊस पडला ते लिहायला. आजवर तेवढंच लिहिलं. पण पोटातली मळमळ कुठेतरी बाहेर काढायला हवी.

दोन्ही गावांत आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चेंडू हातानेही झेलायचा तो, खेळण्याजोगी माणसंच उरली नाहीत, म्हणून दोन क्लब एक झाले. नोव्हेंबरात हॉलमध्ये सभा झाली. हात वर करून मतं घेतली तेव्हा आमचा म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला. विराबिनने शेवटचा कप जिंकला तो माझ्या बापाच्या, एर्नी नोस्केच्या गोलांवर, मी जन्मायच्या आधी.  "त्या भेसळ संघासाठी मी मैदानात पाय ठेवणार नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. म्हातारा शब्दाचा पक्का. सिगारेट सोडतो म्हणाला, ती त्याच संध्याकाळी सोडली. माझ्या मामाशी बोलणार नाही म्हणाला, तर मामाच्या दफनालाही गप्प उभा राहिला.

मी मात्र हात वर केला. माझी अठरा वर्षं गेली आणि एकही कप नाही. गुडघे अजून एक हंगाम देतील, फार तर. मला कप हवाय, या ओकारीच्या रंगात का होईना. लिहितानाही लाज वाटते.

४ मार्च, मंगळवार

पहिला सराव. डॅरल पमरॉय माझ्या शेजारच्या खुंटीला कपडे टांगतो.

तेरा वर्षं हा टॅरिकचा फुल-फॉरवर्ड आणि मी विराबिनचा फुल-बॅक. म्हणजे गोल मारणं त्याचं काम आणि त्याच्या मानगुटीवर बसणं माझं. माझं नाक वाकडं आहे ते त्याच्या कोपरामुळे. त्याचे पुढचे दोन दात गेले ते माझ्या खांद्याने. पंचाने दोन्ही वेळा पाहिलं नाही.

आज त्याने कवळी काढली आणि माझ्या चहाच्या मगमध्ये टाकली.

"हे काय?" मी म्हणालो.

"तुझंच काम आहे नोस्क्या, तूच सांभाळ," तो बोळक्याने म्हणाला.

सगळे हसले, आमचे विराबिनचेसुद्धा. चहाचा तो मग मी फेकून दिला. लॉरेन म्हणाली, उकळत्या पाण्याने धुतला असता. काही गोष्टी उकळून निघत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

पहिला सामना, आमच्याच मैदानावर. जिंकलो. माझ्यामुळे नाही.

समोरचा पोरगेला फुल-फॉरवर्ड वाऱ्यासारखा धावत होता. त्याने पाच गोल मारले. बाकीचे मी मुठीने उडवले. फुल-बॅकचा जन्म हा असाच. गोल झाला की त्यांना सहा गुण. चेंडूला आधी माझी मूठ लागून तो खांबांमधून गेला तर फक्त एक. त्यांना सहा मिळू नयेत म्हणून मी अठरा वर्षं लोकांना एकेक गुण दान करत आलोय. पांढऱ्या कोटातला पंच एक बोट दाखवतो, एक झेंडा हलवतो आणि कुणी बघतसुद्धा नाही. गोल झाला की दोन झेंडे, आणि मैदानाच्या कडेने लावलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न. मला त्या आवाजाची शिसारी आहे. माझ्या बाजूला हॉर्न वाजला म्हणजे मी चुकलो.

निलगिरीखालची म्हाताऱ्याची जागा आज रिकामी होती. कुणी तिथे गाडी लावली नाही, एवढी तरी शरम लोकांना आहे. इतकी वर्षं तो तिथे आपली जुनी होल्डन गाडी लावून बसायचा आणि विराबिनच्या प्रत्येक गोलला हॉर्न दाबायचा. माझ्यासाठी कधीच दाबला नाही. तक्रार नाही. एका झेंड्याला कोण हॉर्न वाजवतं?

आता त्याच्या पायात ब्रेक दाबायचा जोर नाही, म्हणून होल्डन शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. परतताना त्याच्याकडे गेलो.

"तिसऱ्या क्वार्टरमध्ये वारा पाठीशी असताना आखूड का मारत होतास?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं, बाबा?"

"लोक सांगतात."

लॉरेनने फोन केला असणार. तिचं तोंड म्हणजे उघडा नळ.

११ मे, रविवार

काहीतरी शिजतंय.

शुक्रवारी मी म्हाताऱ्याच्या घराचा रस्ता स्वतः सपाट केला होता, पाटीसारखा गुळगुळीत. आज दुपारी गेलो तर त्यावर टायरचे ताजे ठसे. येताना आणि जाताना, दोनदोन वेळा. तीन टायर एका जातीचे आणि मागचा डावा वेगळ्याच जातीचा. असली भिकार गाडी या भागात एकच आहे, डॅरल पमरॉयची पिवळी पिकअप.

आत गेलो. खुंटीवर म्हाताऱ्याचा चांगला कोट आणि कोटावर लाल केस. डॅरलचा लाल कुत्रा त्या पिकअपमध्ये चोवीस तास बसलेला असतो. बाहीवर टोमॅटो सॉसचा डाग. म्हातारा घरी सॉस ठेवत नाही.

"कोण आलं होतं?"

"दूधवाला."

"दूधवाला कुत्रा घेऊन येतो?"

"नवीन आहे तो," म्हातारा म्हणाला आणि रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यतीचा आवाज मोठा केला.

शनिवारी दुपारी डॅरल मैदानात माझ्या नाकासमोर होता, म्हणजे तो बायकोला पाठवतो. नोएलीन येते, म्हाताऱ्याला सॉस ओतून खिम्याचा मीट-पाय खाऊ घालते, गोड बोलते. का? होल्डनसाठी. दुसरं काय आहे त्याच्याकडे? टॅरिकचे लोक आधी तुमचा क्लब घेतात, मग शेडमधली गाडी. किळस येते.

लॉरेनला सगळं सांगितलं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. तिलाही रडू आलं असावं.

१४ जून, शनिवार
पाऊस ११ मिलिमीटर. चिखल.

आजचा दिवस लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की रेमंड नोस्केला अपमान कळला नाही.

गॅव्हिन, आमचा कोच, शाळेत भूगोल शिकवतो आणि मेलबर्नहून आलाय. सामन्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "रेमंड, मागे मी त्या नव्या मुलाला टाकतोय. तुझे पाय आता पुरत नाहीत."

"मग मी काय करू? कॅन्टीनमध्ये कांदे परतू?"

"तू पुढे खेळ. डॅरलच्या शेजारी."

मला वाटलं गंमत करतोय.

"तो कुठे पळतो, कधी उडतो, हे तुझ्याइतकं या जगात कुणाला माहीत नाही," गॅव्हिन म्हणाला. "तू फक्त त्याला धरायला येणाऱ्यांना अडव. त्याला मोकळा ठेव."

तेरा वर्षं ज्याला मोकळं सोडलं नाही त्याला मोकळा ठेव! मी जर्सी काढून त्याच्या हातात द्यायला निघालो होतो. मग गुडघ्याने आठवण करून दिली की दुसरा कुठलाही क्लब मला घेणार नाही. कप हवा असेल तर हाच एक रस्ता आहे. गेलो पुढे.

डॅरल हात पसरून उभा. "ये रे राजा, ये! आज पाठीत गुडघा नाही म्हणजे मला झोपच नाही येणार."

"तोंड बंद कर. आधी त्यात दात घाल."

त्याने सहा गोल मारले. अडवणं मला जमतं, हे कळल्याने फार काही आनंद झाला नाही.

१२ जुलै, शनिवार

पुन्हा जिंकलो. डॅरलचे आठ. आठव्यानंतर त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरून गालाची पापी घेतली. चिखल, घाम, चोळायच्या तेलाचा वास आणि बिनदाताचे ओठ. घरी येऊन तीनदा तोंड धुतलं.

आणखी एक घाणेरडा प्रकार. सामना कुठल्याही गावात असो, डॅरलने गोल मारला की सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्या पिवळ्या पिकअपचा हॉर्न वाजतो, लांबच लांब. मग बाकीच्यांचे. स्वतःसाठी हॉर्न वाजवायला माणूस बसवून ठेवलाय! काचेवर ऊन असतं, आत कोण आहे दिसत नाही, फक्त कुत्र्याचे कान दिसतात. नोएलीन म्हणावी तर ती कॅन्टीनमध्ये लॉरेनबरोबर मीट-पाय गरम करत असते. असेल कुणीतरी टॅरिकचा रिकामटेकडा.

सामन्यानंतर घोळका करून क्लबचं गाणं म्हणतात. दोन गाण्यांचं कडबोळं केलंय, निम्म्यांना पहिलं कडवं येतं, निम्म्यांना दुसरं. मी फक्त तोंड हलवतो. आज एका जागी आवाज निघाला, चुकून.

९ ऑगस्ट, शनिवार

डॅरलला गाठलंच. तो बर्फाची पिशवी मांडीवर ठेवून बसला होता.

"होल्डन विकायची नाही," मी म्हणालो.

"कुठली होल्डन?"

"साळसूद बनू नकोस. तुझी गाडी दर शनिवारी माझ्या बापाच्या दारात असते. टायर ओळखतो मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग लॉरेनकडे पाहिलं, ती पलीकडे चहाचे मग गोळा करत होती. ती एकदम वाकून काहीतरी शोधायला लागली.

"हे बघ नोस्क्या," डॅरल म्हणाला, "गाडीबिडी काही नको मला. म्हाताऱ्याला विचार."

"त्याला काय विचारायचं? त्याने आमच्या मैदानात पाय न ठेवण्याची शपथ घेतलीय, आणि तो शब्दाचा पक्का आहे."

"पक्का म्हणजे एकदम पक्का," डॅरल म्हणाला. "पाय म्हणून खाली ठेवत नाही." आणि त्याला असा ठसका लागला की बर्फ जमिनीवर सांडला.

माझ्या बापाच्या दुखऱ्या पायांवर हसतो. या माणसाला काळीज नाहीच.

६ सप्टेंबर, शनिवार

उपांत्य सामना जिंकलो. अंतिम फेरी बेलार गावाच्या संघाशी. डॉक्टरने गुडघ्यातून पिवळं पाणी काढलं, जवळजवळ आमच्या पट्ट्याच्याच रंगाचं. म्हणाला, अजून एकच सामना, मग या गुडघ्यांनी फक्त पायऱ्या चढा.

या हंगामात डॅरलचे नव्याण्णव गोल झालेत. शंभरावा झाला की लोक मैदानात धावत येतात. गावभर तेच चाललंय. कपाबद्दल कुणी बोलतच नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

म्हाताऱ्याकडे गेलो होतो. तिरका बोलणार नव्हतो, ठरवून गेलो होतो.

"बाबा, उद्या माझा शेवटचा सामना आहे."

"ठाऊक आहे."

"मी तुम्हाला घेऊन जातो. गाडीतच बसा."

 "मी शब्द दिलाय, रेमंड. चारचौघांत."

"ते रंग मलाही आवडत नाहीत."

"रंगाचं काय घेऊन बसलास," तो पुटपुटला आणि मग घसा खाकरून म्हणाला, "जा तू. झोप नीट."

वाईट वाटलं. सरळ लिहितो, फार वाईट वाटलं. माझ्या रांगत्या वयापासून तो मला मैदानावर नेत होता. त्याच्या हट्टाची चीड येते आणि तो हट्ट माझ्यातही पुरेपूर उतरलाय याची जास्त.

२० सप्टेंबर, शनिवार
ऊन. वारा पश्चिमेचा.

कप मिळाला.

आता कसा मिळाला ते. 

डॅरलचा दिवसच नव्हता. बेलारचे दोघेदोघे त्याच्या अंगावर, आणि मिळालेला प्रत्येक चेंडू त्याने खांबाबाहेर मारला. नव्याण्णववरच अडकला. कवळी नसलेल्या तोंडाने स्वतःला शिव्या घालत होता. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. माझ्या गुडघ्याची केव्हाच लापशी झाली होती.

चेंडू उंच आला, थेट गोलच्या तोंडाशी. मी बेलारच्या दोघांना खांद्याने बाजूला ढकललं. इथपर्यंत सगळं गॅव्हिनने शिकवल्यासारखं. डॅरल एकदम मोकळा. त्याने तो झेलायचा आणि सावकाश शंभरावा मारायचा, एवढंच बाकी. तो उडाला. आणि ती पाठ, ते वर गेलेले दोन हात माझ्या डोळ्यांसमोर आले.

मीपण उडालो. कुठल्या गुडघ्यावर उडालो, मला माहीत नाही. एक गुडघा त्याच्या पाठीत आणि मूठ त्याच्या बोटांच्या मधून चेंडूवर. अशी बसली की हाताला समाधान झालं. चेंडू गोलच्या दोन खांबांमधून पार गेला.

जमिनीवर पडताना मला आठवलं की आमची जर्सी एकच आहे.

 पांढऱ्या कोटातल्या पंचाने माझ्याकडे पाहिलं, डॅरलकडे पाहिलं आणि एक बोट दाखवलं. एक झेंडा. गॅव्हिन दोन्ही हातांनी डोकं धरून गवतावर बसला. मला ओकारी येत होती, खरोखरची.

तेव्हा हॉर्न वाजला. एकच गाडी. पिवळी पिकअप. थांबेचना, जसा कुणी हॉर्नवर अंग टाकून बसलाय. मग बाकीच्या गाड्यांना हिशोब कळला असावा, बरोबरीत एक गुण म्हणजे आम्ही पुढे. सगळ्याच सुरू झाल्या. त्या आवाजात शेवटचा भोंगा कुणाला ऐकूही आला नाही.

डॅरल पाठीवर पडला होता. मला वाटलं मारणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"तेरा वर्षं झाली रे, हलकटा! आज तरी सोडायचास!"

"हात गेला," मी म्हणालो.

"गेला ना? गेला तो गेला. ऊठ."

त्यानेच मला उचललं. माझा पाय टेकत नव्हता.

लोक म्हणतात मी जळून केलं, शंभरावा होऊ नये म्हणून. काही म्हणतात वारा उलटा होता, त्याने तोही बाहेरच मारला असता. गाडीत लॉरेनने विचारलं, "खरं सांग, मुद्दाम केलंस?" नाही म्हणालो. आत्ता खाटेवर बसून पुन्हा स्वतःला विचारतोय आणि खात्री देता येत नाही. एवढं मात्र खरं की ती मूठ माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बसलेली मूठ होती आणि ती माझ्याच माणसाच्या बोटांवर बसली. काय हे आयुष्य.

२१ सप्टेंबर, रविवार

कुबड्या घेऊन म्हाताऱ्याकडे गेलो. मेडल खिशात होतं. तो खुर्चीत बसून उजव्या तळहाताला तेल चोळत होता.

"काय झालं हाताला?"

"संधिवात." घसाही बसलेला. "कोण जिंकलं?"

मी सगळं सांगितलं. चेंडू, डॅरल, मूठ.  त्याने मेडल हातात घेतलं, उलटंपालटं केलं, रंगाबद्दल काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "डाव्याने कशाला मारायचं? उजवा मोकळा होता की तुझा."

मी मूठ म्हणालो होतो, डावी म्हणालो नव्हतो. म्हणजे डॅरलने सकाळीच फोन करून सगळं ओकलंय. या माणसापासून सुटका नाही.

"हॉर्न वाजले का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वाजले. सगळेच्या सगळे."

"एका झेंड्याला?"

"हो ना. पहिला डॅरलच्या गाडीचा. आत कोण बसतं देव जाणे. एका गुणाला हॉर्न दाबणारा म्हणजे ठार वेडाच असणार."

"असणार," म्हातारा म्हणाला. मग हसायला लागला, खोकला येऊन डोळे पुसेपर्यंत हसला. मी पाणी आणून दिलं. मी ग्लास परत घेत होतो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. वय झालंय.

निघताना त्याचा कोट खुंटीला नीट लावला. पुन्हा ते लाल केस. झटकून काढले. शेडमध्येही डोकावलो. होल्डन जागेवर आहे, ताडपत्रीवर धूळसुद्धा तशीच.

उद्या पाय बरा असला तर टॅरिक रस्ता. हॉर्नवाला तो वेडा तिकडचाच असणार. कुठे भेटला तर त्याला एक बिअर पाजावी म्हणतो.